पाठमोऱ्या फोटोखालचे शब्द

७ जानेवारी

प्रिय वन्सं,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि त्या निम्म्यालाही तुम्ही भलतंच उत्तर देता, म्हणून पत्र. परवा मी ओरडून सांगत होते, "कॅमेरा घेतला!" आणि तुम्ही म्हणालात, "मग शेक घे कमरेला." तुमचे बंधुराज शेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

तर, कॅमेरा घेतला. फोटो काढते आणि इंटरनेटवर विकते. हसून झालं असेल तर पुढे वाचा.

निवृत्त झाले तेव्हा एक्स-रे विभागानं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या बाईला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, तिला घड्याळ! जन्मभर लोकांना म्हटलं, "श्वास रोखा, हलू नका." आता घरात माझाच श्वास कोंडतो. कपाटं आवरून झाली, परत पसरून परत आवरून झाली. शेजारीण म्हणाली, "आता आराम करा, आजी." तिच्याहून मी जेमतेम दहा वर्षांनी मोठी असेन.

म्हणून हा धंदा. भांडवल म्हणाल तर काही नाही. कॅमेरा जुना, दुकान बंद करणाऱ्या एका फोटोग्राफरकडून घेतलेला, बटणांवरची चिन्हं झिजून गेलीत. स्टुडिओ म्हणजे खिडकीजवळचं जेवणाचं टेबल. त्यावर पांढरा कार्डपेपर. उजेड परतवायला फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. तो धरून तुमचे बंधुराज उभे राहतात आणि दुसऱ्या हातात शब्दकोडं असतं. आडवा शब्द सापडला की थर्माकोल खाली जातो आणि मी जिचा फोटो काढत असते त्या कात्रीवर सावली पडते.

वेबसाइटवाले सगळे फोटो आधी तपासतात. किल्ल्या नाकारल्या, फोकस चुकला म्हणे. उकडलेलं अंडं नाकारलं, का तर अशी चित्रं त्यांच्याकडे भरपूर आहेत. फोटो कुणी विकत घेतला तर निम्म्याहून जास्त पैसे तेच ठेवतात, आणि एवढं करून मला 'प्रिय कलावंत' म्हणतात.

कॅमेरा घेण्याआधी तुमच्याकडे आले होते तेव्हा मोबाइलवर तुमचाही एक काढला होता. तुम्ही खिडकीत पाठमोऱ्या बसला होतात, नळवाल्याची वाट पाहत. उजेड छान पडला होता. तो त्यांनी घेतला! चेहरा दिसत नसल्यामुळे परवानगीची तुमची सही लागत नाही. नाव दिलंय, 'नळवाल्याची वाट पाहणारी नणंद'. अजून एकही गिऱ्हाईक फिरकलेलं नाही.

तुमची,
वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

माझी पाठ विकायला काढलीस हे मला पत्रातून कळतं, वा! आधी सांगितलं असतंस तर अंबाड्यातली पेन्सिल तरी काढली असती. शिवायला बसले की मी ती तिथेच खोचते आणि मग दिवसभर शोधते, हे तुला ठाऊक आहे. आणि तो आकाशी झगा! त्याची पाठीवरची शिवण मीच उसवून परत घातलीय, वाकडी आहे. जगभरचे शिंपी काय म्हणतील?

असो. कुणी घेणार नाही म्हणतेस ते बरंच आहे.

इकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. मशीन सकाळपासून चालू असतं. खालच्या मजल्यावरची बाई म्हणते, तुमचं मशीन बंद पडलं की मला चुकल्यासारखं होतं. चिरंजीवांचा फोन येतो. निम्मं ऐकू येतं, पण "आई, तू ठीक आहेस ना" एवढं दर वेळी येतंच, त्यामुळे ऐकू आलं नाही तरी मी "हो" म्हणते. मागच्या वेळी तो विचारत होता, "घरात कुणी पडलं होतं का?" मी म्हणाले, "हो हो."

दादाला सांग, थर्माकोल दोन्ही हातांनी धर.

तुझी,
नणंद


२ मार्च

प्रिय वन्सं,

विकला गेला! एकदा नाही, सारखा विकला जातोय! सकाळी उठले की आधी संगणक उघडते, मग दात घासते. काल एकाच दिवसात पाच जणांनी तुमची पाठ घेतली. माझ्या कात्र्या आणि चमचे तसेच पडून आहेत, आणि तुम्ही मात्र धो धो चालला आहात.

नाव थोडं सुटसुटीत केलं, बाकी काही नाही. लोक तिथे शब्द टाकून फोटो शोधतात. फोटोखाली शब्द लिहावे लागतात, पन्नासपर्यंत चालतात. आम्हाला कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं, जिथे एक शब्द पुरतो तिथे दोन वापरू नयेत. इथे सगळं उलटं. पण शब्द बरोबर पडला की फोटो वर येतो. वर आला की खपतो. हे मला कळलं आणि आमच्या एक्स-रे विभागातल्या त्या आगाऊ पोरांना अजून कळलेलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

हातात विशेष काही पडत नाही हो, पण जुनी का होईना, एक लेन्स येईल. मग तुमच्याकडे येते आणि हातांचे काढते. मशीनवरचे हात. तेही चालतील.

आता बसवत नाही. उठते. एका जागी बसून पत्रही लिहून होत नाही माझ्याच्यानं.

वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

ही लेन्स किती जणांना महाग पडते बघ.

चिरंजीव शनिवारी न सांगता आले. सूनबाईही सोबत. हातात एक माहितीपत्रक. त्याच्या दातांच्या डॉक्टरकडे टेबलावर पडलेलं. वृद्धांच्या निवासाची जाहिरात आहे, आणि वर मी. पाठमोरी, खिडकीत, अंबाड्यात पेन्सिल. खाली मोठ्या अक्षरांत: 'तुमची आई आजही तुमची वाट पाहते आहे.'

तो म्हणाला, "आई, ही पेन्सिल मी कुठेही ओळखेन." आणि खाली बसला. त्याचा चेहरा मला बघवेना. लहानपणी पडला की आधी इकडेतिकडे बघायचा आणि मगच रडायचा, तसा चेहरा.

मी सांगितलं, अरे, तुझ्या मामीनं काढलाय, मी नळवाल्याची वाट बघत होते. तो ऐकेचना. म्हणतो, "हे गेल्यापासून तू अशीच बसतेस ना? फोनवर हो हो म्हणतेस आणि खिडकीत बसतेस." 'हे' म्हणजे त्याचे वडील, पण म्हणाला माझ्यासारखं, तेव्हा मला हसू आलं आणि तो आणखीच बिथरला.

त्यानं ठरवूनच टाकलंय. मी त्याच्याकडे जायचं. हे घर भाड्यानं द्यायचं. मशीन विकायचं, कारण त्यांच्याकडे ठेवायला जागा नाही, आणि "आता किती दिवस लोकांच्या बाह्या लावत बसणार तू?" त्यानं आठवडाभराची रजा टाकली, ती पुढेही वाढवीन म्हणतो. आज पडद्यांच्या दांड्या मोजतोय, भाडेकरूला सांगायला.

मला माझ्या घरात राहायचंय, वहिनी. या एका गोष्टीवर मी कुणाचं ऐकणार नाही. पण तो ओरडला असता तर मी पण ओरडले असते. तो रडवेला होऊन समजावतो, त्याला काय उत्तर देऊ?

नणंद


१६ एप्रिल

प्रिय वन्सं,

रागाच्या भरात लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे. सिस्टरनी हे अक्षर पाहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती.

निर्लज्ज लोक! एका सुखवस्तू, कष्टाळू, कुणाच्या दारात न गेलेल्या बाईची पाठ घेतात आणि तिच्यावर वाटेल ते चिकटवतात! त्या निवासाच्या व्यवस्थापकांना मी काल सडकून पत्र लिहिलं. विचारलं, या बाईला तुम्ही भेटलात का? तिच्या हातची शिवण पाहिलीत का? कुणाची वाट पाहते हे तिनं तुमच्या कानात येऊन सांगितलं का? वेबसाइटलाही लिहिलं. त्यांचं छापील उत्तर आलं, 'प्रिय कलावंत, विकत घेणाऱ्याला वापराचा हक्क आहे.' हक्क! माणसाच्या म्हातारपणावर खोटं लिहायचा हक्क!

बंधुराज म्हणतात, शांत हो. मी त्यांच्या हातातलं शब्दकोडं काढून घेतलं. आता ते नुसते बसलेत आणि माझ्याकडे बघतायत, ते जास्त वाईट आहे.

चिरंजीवांना सांगा, मामी म्हणते हे सगळं त्या जाहिरातवाल्यांचं पाप आहे. घरातून एक सुईसुद्धा हलवू देऊ नका. मी वकिलाकडे जाते.

वहिनी


२२ एप्रिल

वहिनी,

वकिलाकडे जाऊ नकोस.

परवा रात्री जेवताना चिरंजीवांनी फोनवर ती वेबसाइट काढली. मी म्हटलं होतं ना, फोटो मामीनं काढलाय, तर म्हणाला, बघू तरी. फोटोखाली शब्दांची रांग होती. सगळी इंग्रजीत. सूनबाई एकेक वाचून मला अर्थ सांगत होती. म्हातारी. विधवा. एकाकी. दुर्लक्षित. वाट पाहणारी आई. दूर गेलेली मुलं. नळवाल्याचं नाव नाही.

मला वाटलं, हेही जाहिरातवाल्यांनीच घातलं असेल. तर चिरंजीव म्हणाला, "नाही आई, हे शब्द फोटो टाकणाराच लिहितो." तरी मी म्हटलं, काहीतरी घोटाळा असेल.

मग सूनबाई एका शब्दाशी अडखळली. 'फॉरसेकन'. ती म्हणाली, असा शब्द हल्ली कुणी वापरत नाही, प्रार्थनेच्या पुस्तकात असतो. अर्थ सांगितला, टाकून दिलेली.

आपल्या ओळखीत हा शब्द फक्त तू वापरतेस, वहिनी. दादाला बाजारातून यायला उशीर झाला की तू म्हणतेस, मला इथे फॉरसेकन करून गेलात. मी तो कितीदा ऐकलाय, अर्थ मात्र परवा कळला. आणि एवढ्या शब्दांत स्पेलिंगची एकही चूक नाही, असंही सूनबाई म्हणाली. मग मला काही शंका उरली नाही.

चिरंजीव ताटावरून उठला. दारातून म्हणाला, "मी टाकून दिलंय, असं मामीनं लिहिलंय?" मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

मेच्या पहिल्या रविवारी एक जोडपं घर बघायला येणार आहे.

नणंद


२७ एप्रिल

वन्सं,

मी लिहिलं. हो. सगळे शब्द माझे.

आधी खरे लिहिले होते. 'नणंद' लिहिलं, 'नळ' लिहिलं, 'दुपार' लिहिलं, 'निळा झगा' लिहिलं. तो फोटो कुणी उघडूनही बघेना. मग मी बघितलं, लोक काय शोधतात. 'म्हातारी बाई' लिहिलं की साइट स्वतःच पुढचे शब्द सुचवते, आणि त्यात एकही हसरा शब्द नाही. 'म्हातारी बाई कामात' असं शोधलं, तर सगळ्या स्वयंपाकघरात उभ्या. मला संताप आला. मनात म्हटलं, तुम्हाला हेच हवंय ना, मग घ्या! 'फॉरसेकन' मी रागानं लिहिला, त्यांना टोमणा म्हणून. टोमणा कुणाला कळला नाही. त्याच शब्दावर फोटो सगळ्यात जास्त विकला गेला.

आणि विकला गेला की मला आवडायचं. हे लपवत नाही. तुम्हाला 'नाव सुटसुटीत केलं' म्हणाले, ते मात्र लपवलं.

तो फोटो मी काल काढून टाकला. सगळीकडून. ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्याकडून परत घेता येत नाही, पण यापुढे कुणाला मिळणार नाही. लेन्स परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, बाई, तुम्ही झाकणावर नाव लिहिलंय. तीही पडून राहू दे.

चिरंजीवांना मी वेगळं पत्र लिहिलंय. तुझी आई मुळीच एकटी नाही, त्या दिवशी ती फक्त नळवाल्याची वाट पाहत होती, मी साक्षीला आहे, असं. ते त्याला वाचायला लावा. रविवारच्या आधी.

वहिनी


६ मे

वहिनी,

तुझं पत्र त्याला वाचायला दिलं. त्यानं वाचून मला विचारलं, "खरं आहे का हे?"

आता तू ऐक. नळवाला त्या दिवशी सकाळीच येऊन गेला होता. तू आंघोळीला गेली होतीस. दुपारी तू मागून येऊन "काय बघताय एवढं" म्हणालीस, तेव्हा तोंडाला आलं ते सांगितलं. तू दुसऱ्या दिवशी निघणार होतीस. तुझी बॅग पलंगावर उघडी पडली होती, ती मला बघायची नव्हती, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. बाकी काही नाही.

हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण त्यानं सरळ विचारलं आणि तुझ्या पत्रात तू साक्षीला उभी. खोट्याला आणखी किती माणसं लागणार? म्हणून सांगून टाकलं. म्हणाले, "बाळा, मला एकटं वाटतं. रोज नाही. काम असलं की नाही. गणवेश देऊन झाले की दोन दिवस वाटतं. तुझ्या वडिलांच्या बाजूची उशी बदलताना वाटतं. तुझ्याकडे आले तर तुम्ही दोघं कामावर गेल्यावर रोज वाटेल, आणि मशीनही नसेल."

तो म्हणाला, "मग मी काय करू?" मी म्हटलं, "पडद्यांच्या दांड्या मोजणं बंद कर आधी."

तो हसला नाही. पण सूनबाई हसली, मोठ्यानं, आणि मग त्याला तोंड लपवायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

रविवारी ते जोडपं आलंच. नको म्हणून कळवायचं राहून गेलं होतं. आल्या आल्या त्या मुलीनं पडद्यांना हात लावला, आतली शिवण उलटून बघितली, आणि विचारलं, कुठे शिवले? घर बघायचं राहिलं. ती दोघं दुसरीकडे घर घेतायत, पडदे मात्र मी शिवून देणार आहे. चिरंजीवांनी त्यांची मापं स्वतः लिहून घेतली. दर बरोबर सांगितला नाही त्यानं, कमी सांगितला, पण ते असू दे. सोमवारी सकाळी गेला. जाताना म्हणाला, "मला पटलेलं नाही अजून." मी म्हटलं, "नको पटू दे. फक्त घर राहू दे." घर राहिलं.

आता तुझ्याशी माझं भांडण. तू फोटो लावलास तेव्हा मला विचारलं नाहीस. काढलास तेव्हाही विचारलं नाहीस! ती पाठ माझी आहे की नाही? जगातल्या इतक्या लोकांनी ती बघितली, मी स्वतः ती धड बघितलीसुद्धा नव्हती. चिरंजीवांच्या फोनवर बघितली. चांगला फोटो आहे, वहिनी. खांद्यावर उजेड आहे. झग्याची शिवण दिसतसुद्धा नाही.

परत लाव. शब्द मी सांगते, तू इंग्रजी कर. बाई. शिंपीण. स्वतःचं घर. स्वतःची खिडकी. कधी कधी एकटी.

'कधी कधी' गाळू नकोस.

नणंद


१४ मे

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. बंधुराजांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिनं बॅगेचं मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तुम्ही शब्दकोडं सोडवत होतात.

फोटो परत लावला. 'बाई' चाललं. 'शिंपीण' चाललं. 'स्वतःचं घर' दोन शब्दांत बसवलं. 'कधी कधी' मात्र त्यांना चालत नाही! मी 'समटाइम्स' लिहिलं की यंत्र ते पुसतं आणि खाली लाल अक्षरांत येतं, 'हा शब्द चित्राशी संबंधित नाही.' 'एकटी' ठेवायला ते एका पायावर तयार आहेत. नुसतं 'एकटी'. मी ते ठेवणार नाही. मी त्यांना लिहिलं, या 'कधी कधी'वर एका बाईचं अख्खं घर उभं आहे. त्यांचं उत्तर: 'प्रिय कलावंत, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.'

मी परत पाठवलाय. परत पुसला. परत पाठवलाय. कात्र्या-चमचे बाजूलाच पडलेत. आजपर्यंत एकाही माणसानं तो उघडलेला नाही, विकणं लांबच. आणि मला त्याचं काही वाटत नाही, याचंच मला नवल वाटतंय.

तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात आणि मी उजेड मोजत होते. एवढी जवळ उभी होते मी. तिथे नुसती बसले असते तरी चाललं असतं.

घरात पाय ठरत नाही. दुपारपासून बॅग काढून ठेवली आहे. शनिवारी येते आहे, पडद्यांच्या घड्या घालायला दोन हात होतील, आणि या वेळी परतीचं तिकीट काढत नाही.

नाही. वरचं वाक्य खोडलंय असं समजा. परत लिहिते.

वन्सं, शनिवारी येऊ का?

वहिनी